आई, ओली चादर आणि राम झुला

आमच्या घरच्या अल्बममध्ये मोरबीचा एक फोटो आहे. १९९० सालचा. बाबा रेल्वेत होते आणि तेव्हा त्यांची बदली राजकोटला झाली होती. एका रविवारी ते आम्हाला मच्छू नदीवरचा ‘झूलतो पूल’ दाखवायला घेऊन गेले. फोटोत मी चार वर्षांचा, आईच्या कडेवर. आईने एका हाताने पुलाची तार धरली आहे आणि ती चक्क हसते आहे. मागे दोन पोरं पाय फाकवून पूल मुद्दाम हलवताना दिसतात.

३० ऑक्टोबर २०२२, तोही रविवारच. दिवाळी नुकतीच संपली होती. संध्याकाळी टीव्हीवर मोरबीची बातमी आली आणि आमच्या दांडिया बाजारातल्या घरात एकदम शांतता पसरली. दुरुस्तीनंतर पूल बेसतं वरसच्या दिवशी पुन्हा उघडला होता आणि चार दिवसांनी तो माणसांसकट नदीत कोसळला. १३५ माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. आई काही बोलली नाही. रात्री तिने अल्बम काढला, तो फोटो बराच वेळ पाहिला आणि अल्बम परत ठेवून दिला.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की मोरबीनंतर दोन वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ऋषिकेशला गेलो, तेव्हा मी ही गोष्ट पार विसरलो होतो. आई मात्र विसरली नव्हती.

ऋषिकेशला आम्ही चौघं: आई, मी, बायको आणि आमची आठ वर्षांची लेक. उतरलो होतो मुनी की रेतीच्या बाजूला, एका साध्या धर्मशाळेत. समोर गंगा. पावसाळा संपून महिना उलटला होता, त्यामुळे पाणी गढूळ नव्हतं. हिरवट, थंडगार आणि चांगलंच वेगात होतं. पलीकडच्या काठावर स्वर्गाश्रम, गीता भवन, परमार्थ निकेतन. संध्याकाळची आरती पलीकडे. आईला ती आरती बघायची होती. बाबांबरोबर ती इथे एकदा येऊन गेली होती, आणि बाबा गेल्यावर तिची ही पहिलीच मोठी यात्रा.

पलीकडे जायचं तर सरळ रस्ता म्हणजे राम झुला. आम्ही पुलाच्या तोंडाशी पोचलो. सुट्टीची गर्दी. अरुंद पुलावर जाणारे आणि येणारे एकाच वेळी, मध्येच सेल्फीसाठी थांबलेले घोळके, दोन गाई, कठड्यावर माकडं. गुजरातेतून आलेला एक मोठा ग्रुप ‘धीमे धीमे’ करत पुढे सरकत होता. आईने एक पाऊल पुलावर ठेवलं. पायाखाली हलकीशी लहर आली. आईने पाऊल मागे घेतलं.

“मी नाही येत.”

“अगं, रोज हजारो माणसं जातात.”

“मोरबीलाही जात होती.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नावेने जाता येतं, हे सुचवायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच वर्षी जानेवारीत आमच्याच बडोद्यात हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली होती. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या होत्या. बोटीचं नाव काढायची सोय नव्हती. शेवटी बायको आणि लेक पलीकडे जाऊन आल्या. आई आणि मी अलीकडच्या घाटावर बसून पलीकडच्या आरतीचे दिवे पाहिले.

मी कलाभवनातून बी.ई. केलं आहे, पण कॉम्प्युटरमध्ये. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनाची परंपरा सांगायला आम्हाला आवडतं. पण खरं सांगायचं तर पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंग मेकॅनिक्स मी पाठ करून पास झालो. झुलत्या पुलाच्या तारेचा आकार पॅराबोला असतो, हे वाक्य पेपरात लिहिलं होतं. का असतो, हे कुणी विचारलं असतं तर दांडी उडाली असती. त्या रात्री आईने नेमकं तेच विचारलं. तिच्या भाषेत.

“तो पूल पाय ठेवल्यावर हलतो कशाला? चांगला पक्का का नाही करत?”

धर्मशाळेच्या खोलीत दोन खिळ्यांना बांधलेली नायलॉनची दोरी होती. अंतर साधारण तीन मीटर. आमचं शिक्षण त्या दोरीवर झालं.

रिकामी दोरी दोन खिळ्यांमध्ये थोडी खाली लोंबत होती. या लोंबण्याला आपल्याकडे सुंदर शब्द आहे, ‘झोळ’. (हल्ली या शब्दाचा अर्थ वेगळा झालाय, ते सोडा.) लेकीने ओला टॉवेल घडी करून बरोबर मध्ये टाकला. लगेच दोरीचा गोलावा गेला. टॉवेलापासून दोन्ही खिळ्यांपर्यंत दोन सरळ रेषा, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. मग तिने टॉवेल एका बाजूला सरकवला. व्हीचं टोकही सरकलं आणि दुसऱ्या बाजूची दोरी ताठ होऊन वर आली. मग दोन मोजे, एक रुमाल, फ्रॉक अशा वस्तू थोड्या थोड्या अंतरावर लटकवल्या. दोरीला तितके कोपरे पडले. जितक्या जास्त वस्तू, तितके कोपरे लहान. आणि शेवटी सगळी दोरी भरली तेव्हा दुरून बघताना पुन्हा गोल, सलग झोळ दिसायला लागला.

“म्हणजे दोरीला स्वतःचा आकारच नाही,” लेक म्हणाली.

अगदी बरोबर. काठी वाकायला विरोध करते, कारण तिला स्वतःचा आकार टिकवता येतो. दोरीला फक्त एकच गोष्ट येते: आपल्या लांबीच्या दिशेने ओढणं. ती ढकलू शकत नाही, वाकण्याला विरोध करू शकत नाही. म्हणून तिच्यावर वजन जिथे आणि जितकं असेल त्याप्रमाणे ती स्वतःला वळवून घेते, म्हणजे प्रत्येक ठिकाणी फक्त ओढीनेच ते वजन पेलता येईल अशा आकारात येऊन थांबते. झुलत्या पुलाच्या तारेचा आकार म्हणजे त्या पुलावरच्या वजनाचं चित्र असतं. वजन बदललं की चित्र बदलणार. पूल हलतो तो म्हणूनच.

नुसती साखळी स्वतःच्या वजनाने लोंबते तेव्हा कोणता आकार होतो, हा प्रश्न मोठमोठ्या लोकांना पडला होता. गॅलिलिओने तो पॅराबोलाच्या जवळचा मानला. हायगेन्स नावाच्या डच शास्त्रज्ञाने १६४६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो पॅराबोला नाही हे दाखवून दिलं. नेमकं समीकरण मात्र १६९१ मध्ये मिळालं. लायब्निझ, योहान बर्नुली आणि तोच हायगेन्स, तिघांनी ते स्वतंत्रपणे सोडवलं. त्या आकाराला ‘कॅटेनरी’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘कॅटेना’ म्हणजे साखळी. आपल्या गळ्यातली चेन दोन बोटांत धरा, ती कॅटेनरीच असते.

पुलाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे तारेचं स्वतःचं वजन त्या मानाने कमी आणि खाली लटकवलेल्या रस्त्याचं वजन जास्त. रस्ता सपाट, प्रत्येक मीटरला वजन सारखं. अशा वेळी आकार होतो पॅराबोला. कारण समजायला अवघड नाही. तारेच्या सर्वांत खालच्या, मधल्या बिंदूपासून मनोऱ्याकडे चालायला लागा. तारेतली आडवी ओढ सगळीकडे सारखीच असते. पण उचलायचं वजन तुम्ही जितके दूर जाल तितकं वाढत जातं: दहा मीटरवर दहा मीटर रस्त्याचं, वीस मीटरवर वीस मीटरचं. तेवढं वजन उचलायचं तर तारेला तितकंच चढं व्हावं लागतं. अंतर दुप्पट तर चढही दुप्पट. चढ असा समान दराने वाढत गेला की जी वक्ररेषा तयार होते ती पॅराबोला.

याची एक सोपी परीक्षा आहे. मध्यापासून मनोऱ्यापर्यंतच्या बरोबर अर्ध्या अंतरावर तार एकूण उंचीच्या फक्त एक चतुर्थांश वर आलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावरून राम झुल्याचा फोटो काढला आणि मोबाइलवर बोटाने रेघा मारून मोजलं. अगदी काटेकोर नाही, पण चौथा भागच आला. बी.ई. होऊन पंधरा वर्षं झाल्यावर मला त्या वाक्याचा अर्थ कळला. लेकीला वाटलं तिच्या बाबाने काहीतरी मोठा शोध लावला. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

आता दोरीकडे परत. खोलीत कपडे जमिनीला लागत होते, म्हणून मी शहाणपणा करून दोरी सोडली, करकचून ओढली आणि पुन्हा बांधली. झोळ जेमतेम चार बोटं राहिला. बायकोने त्यावर धुतलेली ओली चादर टाकली. पाच मिनिटांनी एक खिळा भिंतीच्या पोपड्यासकट बाहेर आला आणि चादर जमिनीवर.

“झालं समाधान?” आई म्हणाली.

पण त्या खिळ्यानेच पुढचा धडा दिला. दोन किलोची ओली चादर मध्यावर गोळा झाली आहे, दोरी तीन मीटर आणि झोळ दहा सेंटीमीटर आहे असं धरा. दोरीतली आडवी ओढ येते पंधरा किलोची. झोळ कमी करून पाच सेंटीमीटर केला तर ओढ तीस किलोची. चादर तीच, दोन किलोची! दोरी जितकी ताठ, तितकी तिला वजन उचलायला मिळणारी तिरपी बाजू कमी, म्हणून तेवढंच वजन पेलायला तिला कितीतरी जास्त ओढावं लागतं. पूर्ण सरळ दोरी तर कितीही ओढली तरी चिमूटभर वजनसुद्धा पेलू शकत नाही. थोडा तरी झोळ पडतोच.

पुलाचंही तसंच. रस्ता आणि माणसं मिळून समजा शंभर टनांचं वजन सगळ्या लांबीवर सारखं पसरलं आहे. झोळ लांबीच्या दहाव्या भागाइतका ठेवला, तर तारांना मिळून सव्वाशे टनांची आडवी ओढ द्यावी लागते. झोळ विसाव्या भागाइतका ठेवला, तर अडीचशे टनांची. म्हणून झुलत्या पुलाचे मनोरे एवढे उंच असतात. ती शोभा नाही. तारेला पुरेसा झोळ द्यायची ती सोय आहे. आईच्या “चांगला पक्का का नाही करत” या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. तार ताणून ‘पक्की’ केली, तर ती जास्त धोक्यात येते.

उरलेलं अर्धं उत्तर पुलाच्या हलण्यात आहे. तारेची लांबी जवळपास ठरलेली असते. गर्दी पुलाच्या एका बाजूला जमली तर तिथे तार खाली जाते, आणि लांबी तीच असल्यामुळे दुसरी बाजू वर उचलली जाते, लेकीच्या टॉवेलासारखंच. चालताना आपल्या पुढ्यातला भाग किंचित वर येतोय असं वाटतं, ते हेच. हे कमी करायचे दोन उपाय. एक म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कैची बसवायची. ती एका जागचं वजन आजूबाजूला वाटून देते, म्हणजे तारेला एकदम कोपरा पडत नाही. दुसरा, पूलच जड असणं. शंभर माणसं हलक्या पायपुलाचा आकार बदलू शकतात, अजस्र पुलाला त्यांचा पत्ताही लागत नाही.

याचं सर्वांत गमतीदार उदाहरण अमेरिकेतलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाला १९८७ मध्ये पन्नास वर्षं झाली, तेव्हा तो एका सकाळी पायी चालणाऱ्यांसाठी खुला केला. अंदाजे तीन लाख माणसं पुलावर चढली. खांद्याला खांदा, हलायला जागा नाही. मनोऱ्यांमधलं अंतर १२८० मीटर, आणि मध्ये किंचित फुगीर असलेला तो रस्ता सुमारे सात फूट खाली येऊन चक्क सपाट दिसू लागला. लोक घाबरले. पण पूल शाबूत राहिला. वजन सगळ्या लांबीवर पसरलेलं होतं, म्हणून तारेचा आकार पॅराबोलाच राहिला, फक्त थोडा खोल झाला. तेवढं खाली येण्याची तयारी त्या पुलाच्या आराखड्यात आधीच होती.

मी हे सगळं आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे हलतो म्हणून पडत नाही. बरं. मग मोरबीचा पडला कशाने?”

तेव्हा मी मोबाइलवर शोधून विशेष तपास पथकाच्या अहवालाच्या बातम्या तिला वाचून दाखवल्या. मोरबीच्या पुलाची मुख्य तार सात पेडांची, प्रत्येक पेडात सात तारा, एकूण ४९. त्यांतल्या २२ गंजलेल्या होत्या, म्हणजे त्या बहुधा आधीच तुटलेल्या होत्या. त्या संध्याकाळी बाकीच्या २७ तुटल्या. हिशोब सोपा आहे. ४९ जणींचा भार २७ जणींवर आला, तर प्रत्येकीच्या वाट्याला जवळपास पावणेदोन पटींहून जास्त ओढ येते. त्यात दुरुस्तीच्या वेळी लाकडी फळ्या काढून अॅल्युमिनियमचे पत्रे बसवले, त्याने पुलाचं स्वतःचं वजन वाढलं. लोंबत्या जुन्या सळयांना नव्या सळया वेल्डिंगने जोडल्या. उघडण्याआधी वजन ठेवून चाचणी घेतली नाही. आणि त्या वेळी पुलावर सुमारे तीनशे माणसं होती. एका वेळी किती जणांना सोडायचं याला बंधन नव्हतं.

माझ्या कामात नवीन सॉफ्टवेअर लोकांसमोर ठेवण्याआधी आम्ही ‘लोड टेस्टिंग’ करतो. एकदम लाख लोक आले तर काय होईल, ते खोटे लाख लोक पाठवून पाहतो. घाई असली की हीच चाचणी सर्वांत आधी कापली जाते, हेही मी पाहिलं आहे. मान हलवून गप्प बसलो आहे. आमचं सॉफ्टवेअर कोसळलं तर कुणाचं तिकीट अडकतं. हे आईला वाचून दाखवताना माझा आवाज थोडा अडकला.

“तार दिसते तरी,” आई म्हणाली. “पण तिची टोकं कुठे बांधलीत? आपला खिळाच निघाला होता.”

आईचं शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत. पण पुलांचा इतिहास तिच्या बाजूने आहे. १८५० मध्ये फ्रान्समधल्या आंजे गावी वादळात सैनिकांची एक तुकडी झुलत्या पुलावरून जात असताना पूल कोसळला, दोनशेहून जास्त माणसं मेली. तारांची टोकं काठावर जमिनीखाली सिमेंटमध्ये गाडलेली होती आणि आत पाणी जाऊन ती गंजली होती. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

म्हणून आम्ही राम झुल्याची टोकं बघायला गेलो, आई आणि मी. मनोऱ्यावरून गेलेली तार मागच्या बाजूला तिरपी खाली उतरते आणि काठावरच्या भक्कम बांधकामात शिरते. मनोरा फक्त खाली दाबणारं वजन पेलतो. सगळी आडवी ओढ या मागच्या टोकाला झेलावी लागते. पुलावर सेल्फी काढणाऱ्यांपैकी एकही जण तिकडे वळून पाहत नव्हता. आईने हात लावून पाहिला, वर पाहिलं.

“आत कसं आहे ते कोण बघतं?”

“सरकारी इंजिनिअर बघत असतील.”

“असतील,” आई म्हणाली.

मी तिला खात्री देऊ शकलो नाही. आकाराचं गणित मला समजलं होतं, पण त्या सिमेंटच्या आतलं मलाही दिसत नव्हतं.

दुपारी आम्ही वरच्या अंगाला लक्ष्मण झुल्यापर्यंत गेलो. तिथे आईला एक गोष्ट दाखवायची होती. तिथला जुना, १८८९ चा तारांचा पूल १९२४ च्या पुरात वाहून गेला. त्यानंतर बांधलेला हा ४५० फुटांचा पूल ११ एप्रिल १९३० रोजी खुला झाला. नव्वदच्या आसपास वर्षं यात्रेकरू, साधू, खेचरं, दुचाक्या सगळ्यांना त्याने पार नेलं. त्यानंतर २०१९ मध्ये तज्ज्ञांनी तपासून तो धोक्याचा ठरवला. ऋषिकेशची ओळखच तो पूल; दुकानदारांची पोटं त्याच्यावर. तरीही पुढे तो बंद झाला. आम्ही गेलो तेव्हा शेजारी नव्या बजरंग सेतूचं काम चालू होतं आणि जुना पूल माणसांविना नुसता उभा होता. वर कुणी नाही, त्यामुळे जराही हलत नव्हता.

आई बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. बाबांबरोबर ती याच पुलावरून गेली होती.

“हा बंद केला ते बरं केलं,” ती एवढंच म्हणाली.

रात्री जेवताना तिने जाहीर केलं, “उद्या पहाटे मी पलीकडे जाणार. गर्दी यायच्या आत.”

मी आश्चर्याने पाहिलं. तिने बोटांवर कारणं मोजली. ज्यांनी एक पूल बंद केला, ते दुसऱ्याकडे बघत असणार. पहाटे वजन कमी. आणि परत यायचं ते दुपारी, लोक जेवायला बसतात तेव्हा. संध्याकाळच्या आरतीला मात्र ती येणार नव्हती. “आरतीला सगळे एकदम येतात आणि एकदम परत निघतात. ते मला नको.”

ज्या गोष्टी दिसतात त्या बघायच्या, ज्या दिसत नाहीत त्या बघणारा कुणीतरी आहे का ते ताडायचं, आणि आपल्या हातात असलेलं वजन तेवढं कमी करायचं. याहून चांगला सल्ला मला कुठल्या इंजिनिअरनेही दिला नसता.

पहाटे सहाला आम्ही निघालो. थंडी होती, नदीवर धुकं. पुलावर एक साधू, एक दूधवाला आणि आम्ही चौघं. आईने लेकीला बजावलं, उड्या मारायच्या नाहीत. मध्यावर पोचल्यावर ती थांबली. पायाखालून किंचित लहर गेली, दूधवाला पुढे चालत होता त्याची. आईने कठड्याची तार धरली. मला एकदम १९९० चा फोटो आठवला, पण मी मोबाइल खिशातून काढला नाही. आई हसत नव्हती. ती खाली पाण्याकडे बघत होती आणि ओठ हलत होते. मग तिने ओंजळीतली फुलं सोडली आणि चालू लागली.

पलीकडे गीता भवनाच्या घाटावर आम्ही दोन तास बसलो.

एक विनंती तुम्हा तरुण मंडळींना. सुट्टीत तुम्ही पुलांवर जाणार, डोंगरातल्या, जंगलातल्या, रिसॉर्टमधल्यासुद्धा. पूल पायाखाली हलला तर घाबरू नका, तो वजनाला उत्तर देतोय. पण एका वेळी किती माणसं सोडतात याची पाटी आहे का बघा, आणि ती पाळतात का तेही. गर्दी दिसली तर पाच मिनिटं थांबा. फोटोसाठी सगळे एका बाजूला जमू नका. आणि मजा म्हणून पूल हलवणारं कुणी दिसलं, तर माझ्या फोटोतल्या त्या दोन पोरांना कुणी रागावलं नव्हतं, हे आठवा आणि तुम्ही रागवा.

बडोद्याला परत आल्यावर आईने पहिलं काम काय केलं असेल? आमच्या दिवाणखान्यात हिंचका आहे, जुना सागवानी, पितळी कड्यांचा. घरात आलेला प्रत्येक पाहुणा त्यावर बसतो, लेकीच्या मैत्रिणी तर एका वेळी पाच-पाच. आईने शिडी लावायला लावली आणि मला वर चढवलं. छताच्या आकड्यात अडकलेली वरची कडी आतल्या बाजूने घासून घासून जवळपास अर्धी झाली होती. खालून ती अगदी चकचकीत दिसायची, कारण आई दर दसऱ्याला सगळ्या कड्या चिंचेने घासते. हात पोचतो तेवढ्याच.

दुसऱ्या दिवशी चारही कड्या आणि आकडे बदलून घेतले. मग नव्या कड्यांवर आधी तांदळाची पोती ठेवून झाली, मग मी बसलो, मग आई.

आता दर दसऱ्याला शिडी काढायचं काम माझ्याकडे आहे.